नोंदणी, प्रतीक्षा आणि विश्वास : उशिरा येणाऱ्या वस्तूंचा अभ्यास



आपल्या इंदूरच्या सराफ्यात दागिना घडवायला टाकला की आपण विसार देतो. सोनार वजन लिहून घेतो, दिवस सांगतो आणि पावती देतो. दागिना दोन दिवस उशिरा मिळाला तरी आपण फारसे रागावत नाही. सोनार ओळखीचा असतो, दुकान जागेवर असते आणि उद्या जाऊन विचारता येते. आता हाच व्यवहार दूरच्या कंपनीशी करून पाहा. वस्तू अजून तयार झालेली नाही, फक्त तिचे चित्र दिसते आणि पैसे मात्र आज भरायचे आहेत. दुर्बीण, रोबोटचा संच, नव्या प्रकारचे घड्याळ, विजेवर चालणारी स्कूटर अशा वस्तूंची आगाऊ नोंदणी आज घराघरांतून होते. सांगितलेली तारीख निघून जाते, पुढची तारीख येते, तीही टळते. मग घरात चिडचिड सुरू होते. अशा वेळी किती धीर धरावा आणि तक्रार केव्हा करावी? या लेखात आपण हे उदाहरणांनी, थोड्या गणिताने आणि थोड्या कायद्याने समजून घेऊ.

चेतकची दहा वर्षे

तुमच्या आजी-आजोबांना 'चेतक'बद्दल विचारा. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेतलेली ही स्कूटर पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज ऑटो कंपनीने १९७२ पासून बनवली. कंपनीला दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला होता आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला तांत्रिक करार १९७१ मध्ये संपला होता. स्कूटर चांगली होती, मागणी प्रचंड होती. पण त्या काळात कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे सरकारी परवान्यावर ठरत असे. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवावे, असे कारखानदाराला स्वतःच्या मनाने करता येत नव्हते.

परिणाम असा झाला की चेतकसाठी सुमारे दहा वर्षे थांबावे लागे. मुलगा शाळेत असताना नोंदणी करायची आणि तो नोकरीला लागला की स्कूटर दारात यायची! परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे. म्हणून परदेशातल्या नातेवाइकाला पत्रे जात. हाती आलेली स्कूटर लगेच विकली तर नव्या स्कूटरच्या किमतीहून जास्त पैसे मिळत. साहजिकच काही जण गरज नसताना घरातल्या प्रत्येकाच्या नावाने नोंदणी करून ठेवत आणि रांग आणखी लांब दिसे.

१९८० च्या दशकात चित्र बदलू लागले. बजाजचा दुसरा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळ सुरू झाला. आपल्या शेजारी, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला, 'कायनेटिक होंडा' तयार होऊ लागली. तिला गिअर बदलावे लागत नव्हते आणि बटण दाबले की ती सुरू होई. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरचे परवान्याचे बंधन उठले. पर्याय आले आणि दहा वर्षांची रांग इतिहासजमा झाली.

गंमत पाहा. पुढे बंद झालेले 'चेतक' हे नाव कंपनीने २०२० मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिले. एप्रिल २०२१ मध्ये दोन हजार रुपये भरून पुणे आणि बंगळूर येथे नोंदणी पुन्हा सुरू झाली आणि मागणी इतकी आली की ४८ तासांतच ती थांबवावी लागली. ती थांबवली हे महत्त्वाचे. देता येणार नाही इतकी नावे घ्यायची नाहीत, हाही ग्राहकाचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे.

रांगेचे गणित

रांगेचा शास्त्रशुद्ध अभ्यास डेन्मार्कमध्ये अॅग्नर एर्लांग यांनी १९०९ च्या सुमारास टेलिफोनच्या निमित्ताने सुरू केला. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी एक सोपा नियम सिद्ध केला. रांगेतील माणसांची संख्या म्हणजे दर महिन्याला रांगेत येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारे महिने. रांग स्थिर असेल तर जितके येतात तितकेच बाहेर पडतात. म्हणून आपल्या कामासाठी हिशेब असा मांडता येतो :

आपल्या पुढची माणसे ÷ दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या वस्तू = लागणारे महिने.

समजा, एका संचासाठी तुमचा क्रमांक ३,२०० आहे आणि कंपनी महिन्याला ५०० संच देते. ३,२०० ÷ ५०० = ६.४, म्हणजे सातव्या महिन्यात तुमची पाळी. पुढच्यांपैकी दहा टक्के लोकांनी नोंदणी रद्द केली तर क्रमांक साधारण २,८८० होईल आणि सहाव्या महिन्यात संच मिळेल. पण दर महिन्याच्या ५०० पैकी ५० संच वशिल्याने किंवा जादा पैसे घेऊन दुसऱ्यांना दिले तर रांगेला ४५० च उरतात. सात महिन्यांत ३,१५० संच होतात आणि तुमची पाळी आठव्या महिन्यावर जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या मागे कितीही माणसे उभी राहिली तरी आपला वेळ वाढत नाही. तो वाढतो तो मधे घुसणाऱ्यांमुळे आणि हळू चालणाऱ्या कारखान्यामुळे. म्हणून 'आमच्याकडे लाखो नोंदण्या झाल्या' या जाहिरातीने हुरळून जाऊ नये. विचारायचे ते दोनच प्रश्न : माझा क्रमांक कितवा आणि महिन्याला किती वस्तू निघतात?

उशीर का होतो?

प्रत्येक उशीर म्हणजे फसवणूक नव्हे. समजा, एका यंत्राला वीस सुटे भाग लागतात आणि प्रत्येक भाग वेळेवर येण्याची शक्यता ९५ टक्के आहे. ऐकायला चांगले वाटते. पण वीसही भाग वेळेवर येण्याची शक्यता काढायची तर ०.९५ ला वीस वेळा गुणावे लागते. उत्तर येते सुमारे ०.३६. म्हणजे प्रत्येक पुरवठादार चोख असूनही यंत्र वेळेवर तयार होण्याची शक्यता शंभरात छत्तीसच! एक स्क्रू आला नाही तरी यंत्र पेटीत भरता येत नाही. मोठी कंपनी भागांचा साठा करून ठेवते. थोड्या लोकांसाठी वस्तू बनवणाऱ्या लहान कंपनीला ते परवडत नाही. शिवाय साचे बनवणे, चाचण्या, सरकारी मान्यता आणि जकात यांत आठवडे जातात. २०२०-२१ मध्ये करोनाच्या साथीत जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा मोठमोठे मोटार कारखानेही अडले.

यशामुळेही उशीर होतो. २०१२ मध्ये 'पेबल' नावाच्या घड्याळासाठी अमेरिकेत एका तरुण कंपनीने लोकांकडून एक लाख डॉलर आगाऊ मागितले. सुमारे ६९ हजार लोकांनी मिळून एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली. थोड्या घड्याळांची तयारी असलेल्यांना आता हजारो बनवायची होती. सप्टेंबरमध्ये द्यायची घड्याळे पुढच्या जानेवारीत निघू लागली. ईथन मॉलिक या संशोधकाने अशा आगाऊ पैशांवरच्या प्रकल्पांचा अभ्यास केला, तेव्हा चारपैकी तीनपेक्षा जास्त प्रकल्प ठरल्या वेळेनंतर पूर्ण झालेले आढळले. २०१५ च्या त्याच्या पाहणीत सुमारे नऊ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. थोडक्यात, नव्या वस्तूची नोंदणी करताना उशीर गृहीतच धरावा आणि पैसे बुडण्याची थोडी शक्यताही मनात ठेवावी.

दोन उदाहरणे, दोन रीती

२००९ च्या एप्रिलमध्ये टाटांच्या 'नॅनो' मोटारीची नोंदणी झाली. सिंगूरचा कारखाना सोडावा लागल्यामुळे साणंदचा कारखाना तयार व्हायचा होता आणि गाड्या थोड्याच निघणार होत्या. नोंदणी दोन लाखांच्या वर गेली. कंपनीने संगणकावर सोडत काढून पहिले एक लाख ग्राहक ठरवले. ज्यांचा क्रमांक लागला नाही त्यांना पैसे परत घेण्याची किंवा ठेव ठेवून थांबण्याची मुभा दिली आणि दीर्घकाळ ठेवलेल्या रकमेवर व्याजही देऊ केले. पुढे नॅनो फारशी खपली नाही, हा भाग वेगळा. पण रांग कशी सांभाळावी याचा तो चांगला धडा होता.

दुसरे उदाहरण तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटचे. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत गाजावाजा करून तो सादर झाला. बाजारात विकायच्या टॅब्लेटची किंमत २,९९९ रुपये सांगितली गेली. लाखोंनी नोंदणी झाली. पण पुरवठा त्या मानाने अगदी थोडा होता. पैसे आधी भरलेल्या अनेकांना महिनोन् महिने यंत्र मिळाले नाही आणि २०१२ मध्ये तक्रारींचा पाऊस पडला. कल्पना चांगली होती, पण शब्द आणि तयारी यांचा मेळ बसला नाही. 'बाजारात तुरी' ही आपली म्हण अशा वेळी दोन्ही बाजूंना लागू पडते.

धीर हा गुण कुठून येतो?

वाट पाहण्याच्या मानसिकतेवर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की कारण न सांगितलेली प्रतीक्षा जास्त लांब वाटते, अनिश्चित प्रतीक्षा ठरावीक प्रतीक्षेपेक्षा जड जाते आणि अन्याय झाला असे वाटले की ती असह्य होते. आपलाही अनुभव हाच आहे. 'गाडी दोन तास उशिरा' असे स्टेशनवर कळले तर आपण डबा उघडून जेवून घेतो. काहीच कळले नाही तर दर पाच मिनिटांनी उठून रुळांकडे पाहतो.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ लहान मुलांवर प्रयोग केला. मुलांना सांगितले, 'थांबा, याहून चांगले रंग आणून देतो.' निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना 'नाहीत' म्हणून सांगितले. मग प्रत्येकासमोर एक गोड खाऊ ठेवला आणि न खाता थांबलास तर दोन मिळतील असे सांगितले. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली मुले सरासरी तीनच मिनिटे थांबली.

पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे. मूल उतावळे आहे असे आपण चटकन म्हणतो. पण 'परीक्षा झाल्यावर घेऊ' हे आपण किती वेळा खरे केले, हेही पाहायला हवे. धीर हा एकट्या मुलाचा गुण नाही. तो दोघांच्या व्यवहारातून तयार होतो. कंपनी आणि ग्राहक यांचेही तसेच आहे.

कायदा काय सांगतो?

ग्राहकांची चळवळ महाराष्ट्रात फार लवकर उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. माल देण्याची तारीख करारात नसेल तर तो 'वाजवी वेळेत' द्यावा, असे १९३० च्या मालविक्री कायद्यातच सांगितले आहे. म्हणजे तारीख लिहिली नाही म्हणून विक्रेता कायमचा मोकळा होत नाही.

तक्रारीची पायरी अशी. आधी विक्रेत्याला तारीख घालून लेखी विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवावे. तरीही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा करता येतो, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी इंदूरचा माणूस इंदूरच्या आयोगाकडे जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करायला हवा. धीर धरण्याला अशी एक कायद्याची मुदतही आहे.

लक्षात ठेवा

१. बुडाले तरी घरखर्च अडणार नाही, एवढेच पैसे आगाऊ भरावेत. कर्ज काढून नोंदणी करू नये.
२. तारीख, क्रमांक आणि पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. पावती जपून ठेवावी.
३. कारण आणि नवी तारीख मिळाली तर एकदा धीर धरावा. कारण न देता तारीख बदलत राहिली तर पैसे परत मागावेत.
४. दुकानातल्या किंवा फोनवरच्या मुलावर ओरडू नये. उशीर त्याने केलेला नसतो. ठाम भाषा आणि अपमानाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
५. प्रयोगशाळेसाठी उपकरणे मागवताना शाळा-संस्थांनीही सगळी रक्कम आधी देऊ नये. काही भाग माल हाती आल्यावर द्यावा.

स्वाध्याय

१. तुमचा क्रमांक ४,५०० आहे. कंपनी पहिले तीन महिने दरमहा ४०० आणि नंतर दरमहा ६०० संच देते. तुमची पाळी कितव्या महिन्यात येईल?
२. यंत्राला दहा भाग लागतात आणि प्रत्येक भाग वेळेवर येण्याची शक्यता ९० टक्के आहे. यंत्र वेळेवर तयार होण्याची शक्यता किती?
३. घरातल्या वडीलधाऱ्यांना स्कूटर, टेलिफोन किंवा गॅसच्या जोडणीसाठी किती काळ थांबावे लागले ते विचारा. त्या काळात त्यांनी काम कसे भागवले, हे दहा ओळींत लिहा.
४. दोन वेळा तारीख चुकवलेल्या कंपनीला सभ्य पण ठाम शब्दांत पत्र लिहा. वर्गात एकमेकांची पत्रे वाचून पाहा. कोणत्या पत्राला उत्तर द्यावेसे वाटते आणि का, यावर चर्चा करा.