अतिसंवाहक केबल आणि एकदिश वीजवहन

वीजनिर्मिती केंद्रातून निघालेली सर्वच वीज ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. तांबे व ॲल्युमिनियम हे उत्तम संवाहक खरे. परंतु त्यांतही थोडा रोध असतोच. त्यामुळे तारा तापतात व काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

१९११ मध्ये नेदरलंड्समधील लायडन येथे हाइक कामर्लिंग ऑनेस यांनी पारा सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. एवढ्या थंडीसाठी महागडा द्रव हेलियम लागतो. १९८७ मध्ये मात्र इट्रियम, बेरियम व तांबे यांचे असे ऑक्साइड सापडले, की ज्यास उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पुरतो. नायट्रोजन हवेतूनच मिळतो.

अशा पदार्थाचा पातळ थर धातूच्या पट्टीवर देऊन केबल तयार करतात. ती थर्मासप्रमाणे दुहेरी भिंतीच्या, मधे निर्वात पोकळी असलेल्या नळीत ठेवतात व आतून द्रव नायट्रोजन खेळवितात. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सतत पालटत असल्याने अतिसंवाहकातही थोडी उष्णता उत्पन्न होते. एकदिश प्रवाह स्थिर असल्याने हा व्यय जवळजवळ टळतो. जपानमध्ये इशिकारी येथे अशा एकदिश केबलींच्या चाचण्या झाल्या असून त्यांतील एकीची लांबी १ किलोमीटर होती.

तथापि, रोध शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे. बाहेरची उष्णता नळीत रात्रंदिवस झिरपते. तेथून १ वॅट उष्णता बाहेर काढण्यास आदर्श यंत्रासही सुमारे ३ वॅट लागतात; प्रत्यक्षात याच्या कित्येक पट. केबलमधून वीज थोडी वाहो वा पुष्कळ, हा खर्च चुकत नाही. शिवाय दोन्ही टोकांस प्रवाह पालटणारी केंद्रे उभारावी लागतात.

म्हणून जेथे जागा अपुरी व विजेची मागणी अखंड मोठी, अशा दाट वस्तीच्या शहरांतच ही केबल प्रथम परवडेल. लांब पल्ल्यासाठी साध्या तारांची एकदिश वाहिनीही उपयोगी पडते. चंद्रपूर-पडघे ही ७५२ किलोमीटरची वाहिनी १९९९ पासून याची साक्ष देत आहे. गावातील वीजगळतीवर मात्र आजचा उपाय जुनाच आहे: योग्य जाडीच्या तारा, घट्ट सांधे आणि रोहित्रावर बेताचा भार.