शेतकऱ्याने भाड्याच्या खोल्या बांधाव्यात काय?

शेती हा पावसाच्या भरवशाचा धंदा. एक साल बरे गेले तर दुसरे कसे जाईल हे कोणासही सांगता येत नाही. म्हणून ज्याच्या गाठीस चार पैसे जमले, अशा खातेदाराच्या मनात एक विचार येतोच येतो. तालुक्याच्या गावी थोडी जागा घ्यावी, दोन खोल्या बांधाव्यात आणि दरमहा भाडे घ्यावे, हा तो विचार होय. जमिनी रस्त्यांत व कारखान्यांत गेल्यामुळे ज्यांच्या हाती मोबदल्याची रक्कम एकदम आली, त्यांच्या ठायी तर तो विशेष प्रबळ असतो. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला व जून 2025 मध्ये पुरता खुला झाला. त्याच्या काठच्या गावांतून ही गोष्ट पाहावयास मिळते. पुणे जिल्ह्यात चाकण व रांजणगाव येथे कारखाने उभे राहिले, तेव्हा भोवतालच्या शेतकऱ्यांनी कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा बांधल्या, हेही पुष्कळांस ठाऊक आहे.

विचार वाईट नाही. परंतु भाडे म्हणजे आपोआप येणारे धन, अशी जी समजूत आहे ती मात्र घातक आहे. भाडे हेही एक पीकच आहे. त्यास बियाणे लागते, राखण लागते, आणि त्याचेही साल बुडते. खर्च वजा जाता जे उरते तेच उत्पन्न, हा नियम जसा ज्वारीस तसाच खोलीस लागू आहे. महसूल खात्यात कारकुनी करिताना जमिनीचे व घराचे पुष्कळ कागद आमच्या नजरेखालून गेले. त्या अनुभवावरून नव्याने आरंभ करणाऱ्यास उपयोगी पडतील अशा गोष्टी येथे क्रमाने सांगतो.

1. जमीन राखून मगच खोली

पहिला नियम असा की, जमीन विकून खोल्या बांधू नयेत. याचे कारण केवळ भावनेचे नाही. पश्चिम महाराष्ट्रास लागू असलेल्या 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे, जो शेतकरी नाही त्यास शेतजमीन परवानगीवाचून विकत घेता येत नाही. विदर्भास व मराठवाड्यास कायदे वेगळे आहेत, पण तत्त्व तेच आहे. ज्याने स्वखुशीने सारी जमीन विकली, त्यास पुढे पश्चात्ताप होऊन पुन्हा जमीन घ्यावीशी वाटली, तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा कोठून आणावा हा प्रश्न उभा राहतो. खोली पडली तर पुन्हा बांधता येते. सात-बाऱ्यावरून नाव एकदा गेले की ते परत चढविणे सोपे नसते.

त्याचप्रमाणे खोल्यांसाठी जमीन गहाण ठेवू नये. बिऱ्हाड रिकामे राहिले तर खोलीचे नुकसान होते. जमीन गहाण असेल तर त्याच कारणाने शेतही धोक्यात येते. शिल्लक रकमेतून, अथवा मोबदल्याच्या एका भागातून, झेपेल तेवढेच काम हाती घ्यावे. आरंभ एका किंवा दोन खोल्यांनी करावा.

2. जागेचे कागद

जागा विकत घेताना पुष्कळ लोक घरपट्टीची पावती पाहून समाधान मानतात. घरपट्टीची नोंद ही कर वसूल करण्यासाठी असते. तिने मालकी सिद्ध होत नाही. सात-बारा व फेरफार यांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकेच. मालकी पाहावयाची तर मूळ खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाचा कागद पाहिला पाहिजे. शहरात मिळकत पत्रिका पाहावी. गावठाणातील घरांच्या मोजणीसाठी 2020 पासून स्वामित्व योजना चालू झाली. ज्या गावी तिची मोजणी पुरी झाली आहे, तेथे सनद व मिळकत पत्रिका मागावी.

पुढील चार गोष्टी वकिलाकडून तपासून घ्याव्यात:

(अ) दुय्यम निबंधकाच्या दप्तरी मागील तीस वर्षांचा शोध घेऊन, जागेवर गहाण, बोजा किंवा दावा आहे काय, हे पाहावे.

(आ) विकणाऱ्याच्या सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत काय, हे पाहावे. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू अविभक्त कुटुंबातील मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला आहे. भावांनी सह्या केल्या व बहिणीची राहिली, या एका चुकीपायी दिवाणी दावे वर्षानुवर्षे चालतात.

(इ) गटातील शेतजमीन असल्यास ती बांधकामास योग्य ठरली आहे काय, याची तहसील कचेरीत चौकशी करावी. अकृषिक वापराचे व तुकडेबंदीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी केले म्हणून आपणही करावे, असे समजू नये.

(ई) बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्यावा. मंजुरीवाचून बांधलेल्या खोलीस भाडे मिळेलही, पण तिजवर बँक कर्ज देणार नाही आणि विकावयाची वेळ आली तर गिऱ्हाईक किंमत पाडून मागेल.

3. हिशेब

आता मुख्य गोष्ट. एक कल्पित उदाहरण घेऊ. स्वतःच्या गावठाणातील जागेवर दोन खोल्या बांधण्यास 8,00,000 रुपये लागले आणि दर खोलीस दरमहा 3,500 रुपये भाडे ठरले, असे समजा. वर्षाचे भाडे 84,000 रुपये झाले. येथपर्यंतचा हिशेब प्रत्येक जण करितो व खूश होतो. पुढचा हिशेब असा:

बिऱ्हाड बदलताना प्रत्येक खोली वर्षातून एक महिना रिकामी राहिली असे धरावे; 7,000 गेले. घरपट्टी 3,000, पाणीपट्टी, सामाईक दिवा व पंप मिळून 4,000, रंग व दुरुस्ती 8,000, एकूण 15,000 गेले. हाती राहिले 62,000. म्हणजे शेकडा साडेदहा वाटणारे उत्पन्न शेकडा पावणेआठावर आले. शिवाय यात जागेची किंमत धरलेली नाही. जागा विकत घ्यावी लागली तर प्रमाण आणखी उतरेल.

आता कर्ज काढले असे समजा. 5,00,000 रुपये दहा वर्षांच्या मुदतीने, शेकडा 9 व्याजाने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 6,334 रुपये, म्हणजे वर्षास सुमारे 76,000 रुपये पडतो. निव्वळ भाडे 62,000 आणि हप्ता 76,000. वरचे 14,000 रुपये दरसाल शेतीतून घालावे लागतील. ज्या वर्षी कापूस किंवा सोयाबीन हाती लागले नाही, त्या वर्षी ते कोठून येणार? उलट कर्ज 3,00,000 पर्यंतच ठेवले, तर वर्षाचा हप्ता सुमारे 45,600 होतो व सोळा हजारांवर रक्कम शिल्लक राहते. यावरून नियम असा बांधावा की, निव्वळ भाड्यातून हप्ता भागला पाहिजे आणि वर काही उरले पाहिजे. तसे होत नसेल तर आणखी दोन वर्षे थांबून भांडवल साठवावे. याखेरीज तीन महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम बँकेत निराळी ठेवावी.

4. बिऱ्हाडकरू व करारनामा

तोंडी वहिवाटीचे परिणाम काय होतात, हे जमीनधारकांस निराळे सांगावयास नको. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर जमिनीत कोण कसत होता, एवढ्या एका प्रश्नावर कित्येक घराण्यांचे भवितव्य ठरले. शहरांतील घरांची तीच गत झाली. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने पुष्कळ घरांचे भाडे 1940 सालच्या मानावर बांधून ठेविले, आणि मालकास दुरुस्तीचाही खर्च निघेना. यास्तव जे ठरेल ते पहिल्या दिवसापासून कागदावर असावे.

सध्याचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 1999 चा असून तो 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. तो ज्या शहरांस व गावांस लागू आहे, तेथे कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा अनुज्ञप्तीचा करारनामा लेखी व नोंदणी केलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांच्या कागदास नोंदणी लागत नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. या कलमापुढे ती टिकत नाही. नोंदणी केली नाही तर अटींविषयी बिऱ्हाडकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकास शिक्षाही होऊ शकते. मुद्रांक शुल्क कराराच्या एकूण रकमेवर शेकडा पाव रुपया आहे. वरील उदाहरणातील एका खोलीच्या अकरा महिन्यांच्या करारास, दहा हजार अनामत धरूनही, ते सुमारे 100 रुपये होते. नोंदणीची फी निराळी. एवढ्या खर्चासाठी आठ लाखांची मिळकत वादात टाकणे हे शहाणपणाचे नव्हे.

अशा करारनाम्याचा मोठा लाभ कलम 24 मध्ये आहे. राहण्यासाठी अनुज्ञप्तीने दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करिता येतो आणि जागा सुटेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. दुकानाच्या गाळ्यास ही सोय नाही. म्हणून नवख्याने राहत्या खोलीपासून आरंभ करावा हे बरे.

करारात भाडे, ते देण्याची तारीख, अनामत, वीजबिल कोणी भरावे, दुरुस्ती कोणी करावी, व किती दिवस आधी सूचना द्यावी, हे स्पष्ट लिहावे. बिऱ्हाडकरूची माहिती पोलीस ठाण्यास कळवावी. माणूस पाहताना जातगोत न पाहता नोकरी, पूर्वीच्या घरमालकाचा अनुभव व भाडे देण्याची ऐपत पाहावी. नातलगास खोली द्यावयाची झाली, तरी करार करावाच; कागद असला म्हणजे नातेही टिकते.

5. कर व वही

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, भाड्याचे नाही. मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून, राहिलेल्या रकमेच्या शेकडा 30 इतकी सूट दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट मिळते, व कर्जाचे व्याजही वजा होते. वरील उदाहरणात 77,000 मधून 3,000 घरपट्टी गेली. 74,000 वर सूट 22,200. व्याजापूर्वीचे उत्पन्न 51,800 धरले जाईल. मात्र इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेले आणि शेतीचे उत्पन्न 5,000 रुपयांहून अधिक असले, तर कराचा दर ठरविताना शेतीची रक्कमही हिशेबात मिळविली जाते. यासाठी भाडे बँकेतून घ्यावे, पावती द्यावी, आणि खोल्यांची वही शेतीच्या वहीहून निराळी ठेवावी. दोन्ही एकत्र केल्या की कोणते शेत पिकते व कोणती खोली बुडते, हे घरच्या धन्यासही कळेनासे होते.

सारांश, जमीन न विकता, न गुंतविता, कागद तपासून, निव्वळ भाड्यात हप्ता बसतो एवढेच कर्ज काढून, आणि नोंदलेल्या करारावर खोली देऊन जो आरंभ करील, त्यास अवर्षणाच्या साली ही मिळकत दुसऱ्या विहिरीसारखी उपयोगी पडेल. ज्याच्या हिशेबात वरील आकडे बसत नाहीत, त्याने तूर्त पैसा बँकेत ठेवावा अथवा बांधबंदिस्तीत व विहिरीत घालावा. खोली पुढील वर्षीही बांधता येईल.