परसबागेतील परागवाहक

महाराष्ट्रातील जुन्या घराची रचना पाहिली तर पुढे अंगण, मधोमध तुळशीवृंदावन आणि मागे परस अशी मांडणी सर्वत्र आढळते. परसात न्हाणीचे पाणी वाहून जाई, त्या पाण्यावर केळ, अळू, कढीलिंब वाढे, एखादा शेवगा आणि मांडवावर चढवलेला दुधी किंवा पडवळ असे. ही बाग कोणी शोभेसाठी केलेली नव्हती. तरीही बुलबुल, शिंजीर, भुंगे, मधमाश्या आणि फुलपाखरे यांचा तेथे वर्षभर राबता असे. आज नगरांतच नव्हे, तर मोठ्या गावांतूनही परसाची जागा कोब्याने आणि फरशीने घेतली आहे. जेथे थोडी माती शिल्लक आहे तेथे हिरवळ आणि विदेशी शोभेची झाडे दिसतात. बाग आहे, फुलेही आहेत. पण त्या फुलांवर कोणी येत नाही, आणि हौसेने लावलेल्या दुधीला फळ धरत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. या दोन गोष्टींचा परस्परांशी निकटचा संबंध आहे.

प्रथम दुधीचेच उदाहरण घेऊ. दुधी, भोपळा, दोडका, पडवळ, कारले या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते. नर फुलाचा देठ नुसताच लांब व सडपातळ असतो. आरंभी बहुधा नर फुलेच येतात आणि गळून पडतात. त्यात काळजीचे कारण नाही. परंतु पुढे मादी फुले येऊनही मागचे फळ दोन-तीन दिवसांत पिवळे पडून गळू लागले, तर परागकण त्याच्यापर्यंत पोचले नाहीत असे समजण्यास पुष्कळ आधार असतो. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटते. ते काम मधमाश्या करतात. दुधीचे पांढरे फूल मात्र सायंकाळी उमलते व रात्रीच्या पतंगांची वाट पाहते. मांडवाजवळ रात्रभर प्रखर दिवा जळत असेल तर पतंग फुलाकडे जाण्याऐवजी दिव्याभोवती घिरट्या घालतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. तात्पुरता उपाय म्हणून नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. दुधीसाठी हे काम सायंकाळी करावे, भोपळ्यासाठी सकाळी. पण जे काम कीटक विनामूल्य करतात ते रोज हाताने करण्यात फारसा शहाणपणा नाही.

वांग्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्या पुंकेसरांच्या पिशव्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतूनच पराग सोडतात. वाऱ्याच्या हेलकाव्याने थोडे पराग सुटतात. परंतु काळा मोठा भुंगा किंवा पोटावर निळसर पट्टे असलेली एकांडी माशी फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवते, तेव्हा ते भरपूर सांडतात. त्या वेळी निघणारा गुणगुणाट सहज ऐकू येतो. सातेरी, आग्या किंवा फुलोरी या आपल्या परिचित मधमाश्यांना ही विद्या अवगत नाही. टोमॅटोचे फूलही याच जातीचे. म्हणून परागवाहक म्हणजे केवळ मधमाशी हा समज पुरेसा नाही.

या एकांड्या माश्यांना पोळे नसते. निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत किंवा मोकळ्या जमिनीत बीळ करते, तर भुंगा वाळलेले लाकूड किंवा बांबू पोखरून त्यात अंडी घालतो. अंगणभर कोबा केला आणि वाळलेली प्रत्येक फांदी जाळली, म्हणजे फुले असूनही त्यांना घर उरत नाही. बागेचा एखादा उन्हातला कोपरा उघड्या मातीचा ठेवावा आणि पावसापासून आडोसा मिळेल अशा जागी जाड बांबूचे चार तुकडे आडवे बांधावेत. गुलाबाच्या पानांच्या कडा कोणी कात्रीने अर्धगोल कापल्यासारख्या दिसल्या, तर तो रोग नव्हे. पाने कापणारी माशी आपल्या पिलांच्या कोठड्यांना त्या तुकड्यांचे अस्तर लावते. झाडाला त्याने विशेष अपाय होत नाही.

फुलपाखराला हवे असते पान

फुलपाखरे यावीत म्हणून लोक फुलझाडे लावतात, आणि येथेच खरी उणीव राहते. फूल हा प्रौढ फुलपाखराचा उपाहार आहे. त्याचे कुटुंब पानावर वाढते. शिवाय प्रत्येक जातीच्या मादीची पाने ठरलेली असतात, त्यांखेरीज अन्यत्र ती सहसा अंडी घालत नाही. महाराष्ट्र शासनाने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेली राणी पाकोळी हे याचे उत्तम उदाहरण होय. मखमली काळ्या पंखांवर निळ्या रंगाची झळाळी असलेले हे मोठे फुलपाखरू पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि श्रीलंका या प्रदेशात आढळते. त्याची अळी वाढते ती लिंबू, पपनस आणि रानातील माकडलिंबू अशा लिंबूवर्गीय झाडांवर. लिंबाचे एक झाड दारी असेल, तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील बागेतही ही राणी येऊ शकते. नसेल, तर जास्वंदीच्या फुलावर क्षणभर टेकून ती पुढे निघून जाईल.

कढीलिंबावर तिच्याच कुळातील दुसरी फुलपाखरे अंडी घालतात. लहानपणी ही अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की ती हिरवीगार होते. डिवचले असता डोक्यामागून तांबूस शिंगासारखा अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते. गृहिणीला ती कढीलिंबाची शत्रू वाटते हे स्वाभाविक आहे. कुंडीतील लहान रोपाचा दोन-चार अळ्या चार दिवसांत फडशा पाडतात. यावर सोपा तोडगा म्हणजे दोन रोपे लावणे, एक स्वयंपाकासाठी व एक अळ्यांसाठी, आणि पहिल्यावर दिसलेली अळी पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवणे. तीन ते चार आठवड्यांत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सर्व प्रवास डोळ्यांसमोर घडतो. घरातील मुलांना यापरता चांगला जीवशास्त्राचा पाठ कोणत्या पुस्तकात मिळणार?

इतर झाडेही आपल्या ओळखीचीच आहेत. कुंपणाकडेची रुई आणि बागेतील हळदीकुंकू यांवर केशरी रंगाचे, काळ्या-पांढऱ्या कडांचे फुलपाखरू वाढते. बहावा आणि टाकळा यांवर पिवळी व फिकट पोपटी, कण्हेरीवर तपकिरी-काळी, एरंडावर तांबूस रेघांची. टाकळा आणि रुई यांना आपण तण म्हणून उपटतो. कुंपणाच्या एका बाजूला त्यांना हातभर जागा द्यावी. मात्र रुई व कण्हेर यांचा चीक विषारी असल्याने लहान मुले खेळतात तेथे ती लावू नयेत. घाणेरीवर फुलपाखरे झुंबड करतात हे खरे, तरीही ती मुद्दाम लावू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आणलेल्या या झुडपाने आपल्या वनांची केलेली हानी सर्वश्रुत आहे.

ठाण्यात घोडबंदर मार्गावरील ओवळा येथे शेतजमिनीवर उभे राहिलेले फुलपाखरू उद्यान याच तत्त्वावर चालते. तेथे पिंजरा नाही की जाळी नाही. अळ्यांची झाडे आणि मधाची झाडे शेजारी शेजारी लावली आहेत, आणि फुलपाखरे आपण होऊन येतात. शंभराहून अधिक जातींची नोंद तेथे झाली आहे.

मधासाठी फुले निवडताना साधी, एकेरी फुले पसंत करावीत. भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबात किंवा झेंडूत कीटकाला मध गाठणे अवघड जाते. सदाफुली, जास्वंद, रुग्मिणी उत्तम; पण सर्वांत गुणी झाड म्हणजे आपली तुळस. रोप डेरेदार राहावे म्हणून मंजिऱ्या खुडण्याची रीत आहे. त्यांतील निम्म्या राखल्या तर सातेरी व फुलोरी माश्या सकाळपासून तेथे गर्दी करतील. कोथिंबीर, मुळा, बडीशेप यांचीही चार रोपे न उपटता फुलू द्यावीत.

औषध फवारणी व पाणी

एवढे करूनही महिन्यातून एकदा कीटकनाशकाचा फवारा मारला तर सर्व श्रम वाया जातात. परसबागेला रासायनिक औषधांची गरज क्वचितच भासते. मावा पडल्यास पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढावा किंवा सौम्य साबणाचे पाणी मारावे. आठवडाभर धीर धरल्यास ढालकिडा आणि त्याच्या अळ्या मावा खाण्यास येतात. फारच जरूर पडल्यास 50 ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. फुलांवर व अळ्यांसाठी राखलेल्या झाडांवर तीही मारू नये. शिंपी पक्षी, बुलबुल, दयाळ हे पिलांना अळ्या व किडेच भरवतात. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांसाठी कोळी आणि कीटक टिपतो. कीड सर्वस्वी नाहीशी केली तर हे पक्षीही बागेत राहत नाहीत.

पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी उथळ परळात, मांजराच्या उडीपलीकडे ठेवावे आणि रोज बदलावे. आठवडाभर साचलेल्या स्वच्छ पाण्यातही डेंग्यूचे डास तयार होतात, हे विसरून चालणार नाही. पालापाचोळ्याचा ढीग उपयुक्त असला तरी तो दारापासून दूर असावा. इमारतीवर आग्या माशीचे पोळे बसल्यास धूर किंवा दगड यांच्या वाटेला न जाता जाणकारास बोलवावे. मधपेटी ठेवण्याची इच्छा असणाऱ्यांनी आधी शिक्षण घ्यावे. पुणे येथे 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वरजवळील मांघर, जे 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले, तेथे हा व्यवसाय घरोघरी पाहावयास मिळतो.

लागवड मृगाच्या पावसानंतर करावी. फुलपाखरांचा खरा बहर पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत असतो. त्या दिवसांत ओल्या चिखलावर नर फुलपाखरे क्षार शोषण्यासाठी जमतात, म्हणून नळाखालची जागा थोडी ओली राहू द्यावी. याच सुमारास लिंबाची छाटणी करण्याचा मोह होतो. कोयता चालवण्यापूर्वी प्रत्येक फांदीची खालची बाजू नीट पाहावी. बारीक धाग्याने कमरेला बांधून घेतलेले, पानासारखे हिरवे किंवा काटकीसारखे तपकिरी कोष तेथे बहुधा लटकलेले असतात.