डोक्याचा आधार : विसाव्यासाठी नव्हे, रक्षणासाठी

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी व वारणेच्या खोऱ्यात शिराळा तालुका वसला आहे. तालुक्यातून रेल्वे जात नाही, त्यामुळे येथील सारे दळणवळण रस्त्यावरच अवलंबून आहे. कराड, पुणे वा सांगलीकडे जाणारी बहुतेक वाहने पेठ नाक्यावर येऊन पूर्वीच्या ४ क्रमांकाच्या, म्हणजे आताच्या ४८ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाला मिळतात. एके काळी या रस्त्यावर एस. टी. ची गाडी, एखादी सरकारी जीप आणि वडाप एवढीच वाहने दिसत. आज शेतकरी, शिक्षक, व्यापारी यांच्या दारातही मोटार उभी असते. नागपंचमीच्या दिवशी तर शिराळ्याच्या वाटेवर मोटारींची रांगच लागते.

वाहने वाढली की त्यांच्यातील अंतर कमी होते आणि मागून धडक बसण्याचा संभव वाढतो. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर जोडून उसाची वाहतूक चालते. संधिप्रकाशात असा ट्रेलर अचानक समोर येतो, मोटारचालक जोराने ब्रेक दाबतो, त्याची मोटार थांबते. परंतु मागील वाहन थांबत नाही. अशा प्रसंगी मोटारीत बसलेल्यांच्या मानेचे रक्षण करणारे मुख्य साधन म्हणजे आसनाच्या माथ्यावरील उशीवजा आधार. त्यालाच आपण हेडरेस्ट म्हणतो. सीटबेल्ट व एअरबॅग यांविषयी आता बरीच जागृती झाली आहे. हेडरेस्टकडे मात्र आपले दुर्लक्षच होते. त्याचे कार्य, त्याविषयीच्या तक्रारी व त्यांवरील उपाय यांचा विचार येथे करावयाचा आहे.

मागून धडक बसते तेव्हा

जडत्वाचा नियम आपण शाळेत शिकतो. स्थिर वस्तू स्थिरच राहू पाहते. उभ्या मोटारीस मागून धडक बसली की मोटार पुढे ढकलली जाते. तिच्याबरोबर आसन पुढे सरकते आणि आसनाची पाठ आपल्या पाठीला पुढे रेटते. डोके मात्र जागच्या जागी राहू पाहते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलोग्रॅम असते आणि हा सारा भार मानेच्या सात मणक्यांवर तोललेला असतो. धड पुढे व डोके मागे अशा ओढाताणीत मान प्रथम इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वाकते व नंतर डोके मागे फेकले जाते. हे सर्व सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात घडते. मान आवळून धरण्यास स्नायूंना तेवढा अवधीच मिळत नाही.

या हिसक्याला इंग्रजीत ‘व्हिपलॅश’ म्हणजे चाबकाचा फटका म्हणतात. वाहनाचा वेग फार असावा लागतो असेही नाही. मोटारीच्या पत्र्याला थोडासा पोचा पडला तरी मानेला दुखापत झालेली असू शकते. हाड मोडलेले नसले तर क्ष-किरण तपासणीत बहुधा काही दिसत नाही. पण मान आखडणे, डोके दुखणे, चक्कर येणे, हाताला मुंग्या येणे असे त्रास काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, तथापि काहींचे दुखणे महिनोन् महिने रेंगाळते. ज्याचे पोट अंगमेहनतीवर आहे, त्याला हे परवडणारे नाही.

नाव एक, काम दुसरे

‘रेस्ट’ म्हणजे विसावा. या नावामुळेच गैरसमज होतो. तंत्रज्ञांच्या भाषेत या भागाचे नाव ‘हेड रिस्ट्रेंट’, म्हणजे डोके रोखून धरणारा, असे आहे. डोके टेकवून डुलकी घेण्यासाठी ही उशी नाही. धडकेच्या क्षणी डोके व धड एकाच वेळी पुढे सरकावे, यासाठी ती आहे.

अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून तयार होणाऱ्या मोटारींच्या पुढील आसनांना हेडरेस्ट बसविणे बंधनकारक झाले. त्याचा उपयोग किती झाला, याचे मूल्यमापन तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९८२ मध्ये केले. मागून बसलेल्या धडकांत आसनाशी एकसंध असलेल्या हेडरेस्टमुळे इजेचा धोका १७ टक्क्यांनी कमी झाला होता. वर-खाली करता येणाऱ्या हेडरेस्टमुळे मात्र तो १० टक्क्यांनीच घटला होता. याचे कारण साधे होते. बहुसंख्य लोक हा आधार वर उचलतच नसत; तो खालीच राहत असे. साधन हाताशी असूनही त्याचा पुरता लाभ घेतला गेला नाही. आपल्याकडील मोटारींतही आज हेच दृश्य दिसते.

पुढे १९९७-९८ च्या सुमारास साब व व्होल्वो या स्वीडनमधील कारखान्यांनी धडक बसताच डोक्याजवळ सरकणारा आधार किंवा धक्का शोषून घेणारे आसन मोटारींत आणले. भारतात आसने, त्यांची जोडणी व हेडरेस्ट यांच्या मजबुतीसाठी वाहन-उद्योग मानक क्रमांक ०१६ तयार करण्यात आले. अशा चाचण्यांचे एक प्रमुख केंद्र आपल्याच राज्यात, पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणारी ‘भारत एनकॅप’ योजना सुरू झाली. मात्र तिच्या पहिल्या आवृत्तीत समोरील व बाजूच्या धडकेचीच चाचणी आहे. म्हणून ताऱ्यांची संख्या पाहून हेडरेस्टविषयी निर्धास्त होता येणार नाही; तो ग्राहकाने स्वतः पाहावा.

उंची आणि अंतर

हेडरेस्ट योग्य रीतीने लावण्यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली उंची. आधाराचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याबरोबर असावा. ते शक्य नसेल तर तो निदान कानाच्या वरच्या टोकाइतका तरी असावा. मानेच्या पातळीवर राहिलेला आधार धडकेच्या वेळी टेकूसारखा होतो आणि डोके त्यावरून मागे कलते. दांडीजवळील कळ दाबून आधार वर उचलावा व खटका पक्का बसला की नाही, हे खाली दाबून पाहावे.

दुसरी गोष्ट अंतर. डोक्याची मागील बाजू व आधार यांत ७ सेंटिमीटरहून अधिक अंतर नसावे. मोजपट्टी नसेल तर जेमतेम चार बोटे मावतील इतके अंतर ठेवावे. आसनाची पाठ फार मागे रेलविली की हे अंतर वाढते. चालकाशेजारी आडवे होऊन झोपणाऱ्याला म्हणूनच हेडरेस्टचा व सीटबेल्टचा, दोहोंचाही नीट उपयोग होत नाही.

घरातील मोटार बाप, मुलगा व सून असे तिघे चालवीत असतील तर चालक बदलताच आरशाप्रमाणे हेडरेस्टही बदलावयास हवा. सरकारी वाहनांबाबत आणखी एक सूचना करावीशी वाटते. आसनावर जाड खोळ चढविण्याची व वर पांढरा टॉवेल टाकण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. खोळीने कळ झाकली जाते आणि आधार कायमचा खालच्या खाचेत अडकतो. खोळ अशी शिवावी की कळ व दांड्या मोकळ्या राहतील.

गैरसोयीच्या तक्रारी

हेडरेस्टविषयीच्या सर्वच तक्रारी निराधार नाहीत. नव्या मोटारींतील आधार डोके पुढे ढकलतो, मान अवघडते, लांबच्या प्रवासात खांदे भरून येतात, असे अनेक जण सांगतात. डोके व आधार यांतील अंतर कमी करण्यावर गेल्या काही दशकांत मानकांनी भर दिला, त्यामुळे आधार पूर्वीपेक्षा पुढे आला. त्याचे मोजमाप पाठ सुमारे २५ अंश मागे कललेल्या आसनावर घेतले जाते. त्याहून ताठ बसणाऱ्यांना, विशेषतः बुटक्या चालकांना, तोच आधार डोक्यात रुतल्यासारखा वाटतो. अंबाडा घालणाऱ्या किंवा गजरा माळणाऱ्या स्त्रियांना आणि फेटा बांधणाऱ्या वृद्धांना हा त्रास अधिक होतो.

यावर आधार काढून टाकणे किंवा उलटा बसविणे हे उपाय सर्रास केले जातात. दोन्ही धोक्याचे आहेत. आधार काढला तर मान उघडी पडते आणि उलटा बसविला तर डोक्यामागील अंतर वाढते. त्याऐवजी आसनाची पाठ एक-दोन खाचा मागे न्यावी. हात फार लांबवावे लागत असतील तर आसन थोडे पुढे घ्यावे आणि सोय असल्यास स्टिअरिंग खाली-वर करून पाहावे. काही मोटारींत आधार मागे-पुढेही कलतो. त्याची माहिती वाहनासोबतच्या पुस्तिकेत असते. प्रवासापुरता अंबाडा मानेजवळ खाली बांधावा किंवा वेणी खांद्यावरून पुढे घ्यावी. कमरेमागे उशी ठेवणाऱ्यांनी ती पातळ ठेवावी, कारण जाड उशीमुळे धड पुढे येते व डोक्यामागील अंतर वाढते. नवी मोटार घेताना दुकानात दहा मिनिटे आसनावर बसून पाहावे; घरातील सर्वांत उंच व सर्वांत बुटक्या व्यक्तीला सोबत न्यावे.

मागचे आसन आणि मुले

मागील आसनावरील आधार पुष्कळ मोटारींत खाली दडपलेला असतो. चालकाला मागचे दिसावे, हा त्यामागील हेतू असतो. मात्र तेथे कोणी बसले की तो वर उचलणे आवश्यक आहे. काही आधार खाली असताना मुद्दामच पाठीला टोचतील असे घडविलेले असतात, जेणेकरून बसणाऱ्याने ते उचलावेत. मधल्या जागेला आधार नसेल तर लांबच्या प्रवासात तेथे कोणास न बसविणे चांगले. लहान मुलांचे वेगळे आसन बसविताना मोटारीचा आधार आड येत असेल तर पुस्तिकेतील सूचनेनुसार तो काढावा. नंतर मात्र न विसरता परत लावावा. वडापच्या जीपमध्ये आडव्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्यांना असा कोणताही आधार नसतो, हे प्रवाशांनी व वाहनमालकांनी ध्यानात ठेवावे.

आधाराच्या लोखंडी दांड्या बुडत्या मोटारीची काच फोडण्यासाठीच केल्या आहेत, असे सांगितले जाते. वारणा-कृष्णाकाठी पुराच्या दिवसांत ही समजूत विशेष पसरते. आधार काढता येतो तो आसन दुमडण्यासाठी व मुलांचे आसन बसविण्यासाठी. संकटात मिळेल ते हत्यार वापरावे हे खरे, परंतु काच फोडणे हे त्याचे नेमून दिलेले काम नव्हे. काच फोडण्याची छोटी हातोडी मोटारीत ठेवणे अधिक श्रेयस्कर. पाणी वाहत असलेल्या पुलावर मोटार न घालणे हे त्याहूनही शहाणपणाचे.

हिसका बसल्यानंतर

अपघातानंतर मान दुखत असेल, हातपाय बधिर झाले असतील तर त्या व्यक्तीला ओढून बाहेर काढू नये. आग वा पाणी यांचा धोका नसेल तर डोके व मान स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान चोळून किंवा मोडून घेण्याचा प्रघात गावोगावी आहे. मणक्याला इजा असल्यास त्यातून कायमचे पंगुत्व येऊ शकते. म्हणून प्रथम डॉक्टरांची तपासणी व मगच इतर उपचार, हा क्रम मोडू नये. गंभीर इजा नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र दीर्घकाळ पट्टा लावून पडून राहण्यापेक्षा त्यांच्या सल्ल्याने हळूहळू हालचाल सुरू करणे हितावह असते.

गावपातळीवर काय करता येईल

मान वाचविण्याचे काम मोटारीच्या आत सुरू होते, पण ते तेथेच संपत नाही. अचानक ब्रेक दाबावा लागू नये अशी रस्त्याची स्थिती ठेवणे, हे पंचायतीचेही कर्तव्य आहे. गतिरोधक रीतसर परवानगीनेच घालावेत, त्यांवर पांढरे पट्टे असावेत व अलीकडे फलक असावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखाने, वाहतूकदार व परिवहन अधिकारी यांनी मिळून प्रत्येक ट्रेलरच्या मागे परावर्तक पट्ट्या व चालू दिवे आहेत, याची खात्री करावी. कार्यालयप्रमुखांनी आपल्या वाहनातील हेडरेस्टची तपासणी महिन्यातून एकदा करवून घ्यावी.

शिक्षकांना जानेवारीतील रस्ता सुरक्षा उपक्रमात हा विषय सहज घेता येईल. खेळण्यातील गाडीवर चिंध्यांच्या मानेची बाहुली बसवावी आणि गाडीला मागून टिचकी मारावी. बाहुलीचे डोके मागे पडेल. मग डोक्यामागे पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून तोच प्रयोग पुन्हा करावा. जडत्वाचा धडा मुलांना तर समजेलच, शिवाय घरी जाऊन मोटारीत बसताच ती वडिलांना विचारतील, “बाबा, आधार वर घेतलात का?” हेडरेस्टसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही, तो मोटारीच्या किमतीतच आलेला असतो. तो दोन-तीन बोटे वर उचलण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.