दुसरी प्रत व दुसरा मनुष्य : मंडळीच्या संगणक-सेवेविषयीं एक पाठ

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:६-१५. सोबत वाचावें : यिर्मया ३६; नहेम्या ७:६१-६५; २ राजे १२:४-१५; २ करिंथ ८:१६-२१.

पाठाचा उद्देश : मंडळीचें दप्तर, तिच्या किल्ल्या व तिचें दान राखण्याचें काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीं तें देवाची सेवा समजून अशा रीतीनें करावें कीं, उद्यां ते तेथें नसले तरी मंडळीचें कांहीं अडूं नये.

प्रस्तावना

मंडळींतील सेवा म्हटली म्हणजे उपदेश करणें, भजन चालविणें, आजाऱ्यांस भेटणें, हीं कामें आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु अलीकडे बहुतेक मंडळ्यांत आणखी एक सेवक असतो, व त्याचें नांव कोणत्याहि अहवालांत येत नाहीं. सभासदांची यादी संगणकावर उतरविणें, ध्वनिवर्धक नीट जोडणें, पाळकसाहेबांचा मोबाइल अडला तर तो चालता करणें, हें सर्व तो करितो. "हें यंत्राचें काम, यांत आत्मिक तें काय?" असें पुष्कळांस वाटतें. त्यांनीं निर्गम ३१ वा अध्याय वाचावा. देवाच्या आत्म्यानें परिपूर्ण असें ज्याचें तेथें वर्णन आहे, तो बसालेल उपदेशक नव्हता. सोनें, रुपें, पितळ व लांकूड यांत काम करणारा कारागीर होता. तेव्हां हातांतील कसब हेंहि देवाचें दान आहे. तें मंडळीच्या उपयोगीं कसें लावावें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

१. मडक्यांतील दोन लेख

सिद्कीया राजाच्या कारकिर्दीचें दहावें वर्ष होतें. बाबेलच्या राजाच्या सैन्यानें यरुशलेमेस वेढा घातला होता, व यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदेंत होता. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन, अनाथोथ येथील माझें शेत विकत घे, असें त्यास म्हणाला. जो मुलूख शत्रूच्या हातीं जावयाचा, तेथील शेत कोण घेईल? तरी देवाची आज्ञा जाणून यिर्मयानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें व खरेदीखत केलें. पुढें काय झालें तें नीट पाहावें. लेख दोन होते. एक मोहर केलेला व दुसरा उघडा. मोहर केलेल्या लेखांत फेरफार करणें कठीण, आणि उघडा लेख पाहिजे तेव्हां वाचतां येई. ते दोन्ही लेख त्यानें साक्षीदारांदेखत बारूखाच्या हातीं दिले, आणि पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यांत ठेवावयास सांगितलें.

मडकें हें त्या काळचें अगदीं साधें साधन होय. परंतु तें कुचकामाचें नव्हतें. १९४७ सालाच्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरान येथील एका गुहेंत मडक्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या सांपडल्या. त्या गुहेंतून मिळालेली यशयाच्या ग्रंथाची संपूर्ण गुंडाळी सुमारें दोन हजार वर्षांची आहे.

येथें एक गोष्ट मनांत ठसवून घ्यावी. लोक या देशांत पुनः शेतें घेतील, असें वचन यिर्मयास मिळालें होतें. तरी "देव राखील" असें म्हणून त्यानें खत उघड्यावर टाकिलें नाहीं. वचनावर विश्वास होता म्हणूनच त्यानें तें जपून ठेविलें. ज्यास उद्यांची आशा आहे तोच आजचा कागद सांभाळितो. उलट नहेम्याच्या ७ व्या अध्यायांत बंदिवासांतून परतलेल्या कांहीं याजकांच्या वंशजांची हकीकत आहे. त्यांनीं वंशावळींत आपली नोंद शोधिली, ती मिळाली नाहीं, व त्यांस याजकपणापासून दूर राहावें लागलें.

२. सेरामपूरची आग

याच सत्याचा एक दाखला आपल्या देशाच्या मिशन-इतिहासांत आहे. बंगाल्यांतील सेरामपूर येथें विल्यम केरी व त्याचे सोबती यांचा मोठा छापखाना होता. मराठीशीं त्याचा निकट संबंध होता. केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं व मराठी कोश १८१० सालीं तेथेंच निघाला. ११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं त्या छापखान्यास आग लागली. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होता. कागदाचा साठा, अनेक भाषांचे टाइप व हस्तलिखितें जळून गेलीं.

तथापि टाइप पाडण्याचे पोलादी ठसे व साचे वांचले होते. राखेंतून वितळलेलें शिसें काढून नवे टाइप ओतण्यांत आले, आणि थोड्याच आठवड्यांत छपाई पुनः सुरू झाली. परंतु केरीच्या बहुभाषी कोशाचें हस्तलिखित जळालें तें गेलेंच. ज्याचा मूळ सांचा शिल्लक होता तें परत आलें. ज्याची दुसरी प्रत नव्हती तें आलें नाहीं. केरी निराश झाला नाहीं, त्यानें काम पुनः हातीं घेतलें, हें खरें. परंतु त्याच्या धीराची स्तुति करितांना त्याच्या हानीचा बोध आपण विसरूं नये.

३. आपल्या मंडळींत दुसरी प्रत

बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या म्हणजे मंडळीचें खरेदीखत होय. शाळेंत, कचेरींत, वारसाच्या कामांत त्यांतील एकेक ओळ कोणाच्या तरी उपयोगीं पडते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा आहे, व विवाहाची रीतसर नोंद त्यानुसार करावी लागते. यास्तव संगणक आला म्हणून कागदी वही टाकून देऊं नये. वही हें मूळ; संगणकांतील ती तिची प्रत.

प्रत करण्याची रीत सोपी आहे. दिवसाउजेडीं वहीचें प्रत्येक पान सपाट ठेवून मोबाइलनें त्याचें छायाचित्र घ्यावें. प्रत्येक चित्रास वहीचें नांव, साल व पानाचा अंक द्यावा. नाहींतर हजार चित्रांत एक शोधितां येणार नाहीं. मग जाणत्या लोकांचा जो नियम आहे तो पाळावा : एकंदर प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, व त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणीं. म्हणजे एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, व एक दुसऱ्या गांवच्या पाळकाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यांत. आग, पूर व वाळवी हीं एकाच दिवशीं दोन गांवीं क्वचितच येतात.

पेनड्राइव्ह संगणकास सदैव जोडून ठेवूं नये. १२ मे २०१७ रोजीं एक दुष्ट प्रोग्राम जगांत पसरला. दीडशेंहून अधिक देशांतील संगणकांवरील दप्तर त्यानें कुलूपबंद केलें व सोडण्यासाठीं पैसे मागितले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयेंहि त्यांतून सुटलीं नाहींत. ज्या फटींतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें दोन महिने अगोदरच, मार्चमध्यें, दिली होती. परंतु पुष्कळांनीं ती बसविली नव्हती. असला प्रोग्राम संगणकास जोडलेली प्रतहि बंद करितो. म्हणून दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसवाव्या, आणि प्रत करून झाली कीं पेनड्राइव्ह काढून कपाटांत ठेवावा. चोरून उतरविलेले प्रोग्राम वापरूं नयेत. ती चोरी तर आहेच, शिवाय त्यांतूनच रोग शिरतो. पत्रें व हिशेब लिहिण्यास लिबर-ऑफिससारखे विनामूल्य व कायदेशीर प्रोग्राम पुरेसे आहेत.

मराठी लिहिणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. श्रीलिपी, कृतिदेव इत्यादि जुन्या टाइपांत लिहिलेला मजकूर ते टाइप ज्या संगणकावर नाहींत तेथें उघडला तर निरर्थक चिन्हें दिसतात. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें आहे; त्या पद्धतीनें लिहिलेलें मराठी आज कोणत्याहि मोबाइलवर वाचतां येतें. जुनीं गीतें व याद्या युनिकोडमध्यें उतरवून घ्याव्या, व मूळहि जपून ठेवावें.

शेवटीं, वर्षांतून दोनदां प्रत उघडून वाचून पाहावी. जी प्रत कोणीं कधीं उघडली नाहीं, तिच्यावर भरंवसा ठेवणें व्यर्थ होय.

४. दुसरा मनुष्य

यिर्मया कैदेंत होता. बारूख बाहेर होता. यहोयाकीम राजानें पहिली गुंडाळी जाळिली, तेव्हां यिर्मयाच्या तोंडून ऐकून बारूखानेंच ती पुनः लिहिली. कामास दोघे होते म्हणून काम राहिलें.

आतां आपल्याकडे पाहूं. समजा, मंडळीचें ईमेल, हिशेब व व्हॉट्सॲपचा गट हें सर्व एका तरुणाच्या मोबाइलवर आहे. तो नोकरीसाठीं पुण्यास गेला, किंवा देवानें त्यास बोलाविलें. पासवर्ड कोणास ठाऊक? नोंदविलेला नंबर भरणा न केल्यानें बंद पडला, तर पुढें तो परक्या मनुष्यासहि मिळूं शकतो. मग मंडळीच्या दारास कुलूप आहे, आणि किल्ली परक्याच्या खिशांत!

यावर उपाय असा. खातें मंडळीच्या नांवें असावें, कोणा एकाच्या खासगी नांवें नसावें. पासवर्ड कागदावर लिहून तो लखोट्यांत घालावा, त्यावर मोहर करावी व दोन वडिलांच्या सह्यांनिशीं मंडळीच्या तिजोरींत ठेवावा. हाच आपला मोहर केलेला लेख. व्हॉट्सॲपच्या गटास दोन चालक नेमावे. सेवक बदलला कीं त्याच आठवड्यांत पासवर्ड बदलावा; यांत जाणाऱ्याचा अपमान नाहीं, त्याची सुटका आहे. परंतु दुसरा मनुष्य म्हणजे मंडळीनें नेमलेला मनुष्य. "बँकेंतून बोलतों" असें सांगून जो पासवर्ड किंवा ओटीपी विचारितो, त्यास एक अक्षरहि सांगूं नये.

५. दानाची पेटी

योवाश राजाच्या काळीं यहोयादा याजकानें पेटीस भोंक पाडून ती वेदीजवळ ठेविली. पेटींतील पैसा राजाचा लेखक व प्रमुख याजक हे दोघे मिळून मोजीत. पौलानेंहि यरुशलेमेकरितां जमविलेली वर्गणी एकट्यानें नेली नाहीं. कोणास दोष देण्यास जागा राहूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला बंधु सोबत घेतला.

भारतांत यूपीआयची रीत २०१६ सालीं सुरू झाली, व आतां कित्येक मंडळ्यांच्या भिंतीवर क्यूआर कोडाचा कागद चिकटविलेला असतो. ती सुद्धां दानाची पेटीच होय. तीवर दुसऱ्याचा कागद चिकटविणारा चोर असूं शकतो. म्हणून दर रविवारीं उपासनेपूर्वीं एक रुपया पाठवून, मंडळीचेंच नांव दिसतें कीं नाहीं, तें पाहावें. पैसे पोहोंचल्याचें चित्र कोणी दाखविलें तरी तें पुरावा मानूं नये. बँकेचें खातें पाहावें. पैसे *घेण्यासाठीं* पिन कधींहि घालावा लागत नाहीं. जो तसें सांगतो तो फसवितो, हें वृद्ध बहिणींस वारंवार सांगावें. फसवणूक झालीच तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें, कारण जितका उशीर तितका पैसा दूर जातो. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्या, व महिन्याचा हिशेब मंडळीसमोर वाचावा.

६. जें पसरवूं नये

सर्वच गोष्टींच्या प्रती करावयाच्या नसतात. एका बहिणीनें आपल्या घरचें दुःख प्रार्थनेसाठीं सांगितलें. तें शंभर मोबाइलांवर गेलें, तर ती पुनः कोणापाशीं बोलेल? आजाऱ्याचें कागदपत्र, आधारपत्रिकेची प्रत, शब्बाथशाळेच्या मुलांचीं छायाचित्रें, हीं गटांत टाकूं नयेत. नवीन शोधकांच्या नांवांविषयीं विशेष जपावें. घरच्यांस त्यानें स्वतः सांगण्यापूर्वीं आपल्या मोबाइलनें तें गांवभर केलें, तर त्याची भाकर, त्याचें घर, कदाचित् त्याचा जीवहि संकटांत येईल. भारताच्या संसदेनें २०२३ सालीं वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु गुप्त गोष्ट राखण्याचें आमचें कर्तव्य त्याहून जुनें आहे. नीतिसूत्रें ११:१३ पाहावें.

७. सेवकास व मंडळीस बोध

जो ही सेवा करितो त्यानें गर्व करूं नये. "हें तुम्हांस समजणार नाहीं," असें म्हणून वडील माणसाच्या हातून मोबाइल हिसकावून घेणें ही सेवा नव्हे. शिकवावें, आणि तिसऱ्यांदा विचारिलें तरी शांतपणें पुनः शिकवावें. ज्याच्यावांचून मंडळीचें पदोपदीं अडतें तो मोठा सेवक दिसतो खरा. परंतु ज्यानें आपल्यामागें दोघांस तयार केलें तोच विश्वासू कारभारी.

मंडळीनेंहि आपलें कर्तव्य ओळखावें. पेनड्राइव्हचा व नंबराच्या भरण्याचा खर्च त्या तरुणाच्या खिशांतून होऊं देऊं नये. प्रेषितांचीं कृत्यें ६ मध्यें पंगतीच्या सेवेसाठीं निवडलेल्या सातांवर प्रेषितांनीं प्रार्थना करून हात ठेविले. आपणहि या सेवकासाठीं निदान वर्षांतून एकदां सर्वांसमक्ष प्रार्थना करावी.

विचारण्याचे प्रश्न

१. देवाचें वचन मिळालें असतांहि यिर्मयानें लेख मडक्यांत कां ठेवविले?
२. सेरामपूरच्या आगीनंतर काय परत आलें व काय गेलें? कां?
३. आपल्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीची दुसरी प्रत कोठें आहे?
४. मंडळीचा पासवर्ड जाणणारा दुसरा मनुष्य कोण? त्यास मंडळीनें नेमिलें आहे काय?
५. मंडळीच्या मोबाइलवरील कोणती माहिती आजच काढून टाकावयास पाहिजे?

या आठवड्याचें काम

उपदेशकानें एका वडिलास सोबत घेऊन सर्वांत जुनी वही उघडावी व तिच्या पहिल्या दहा पानांचीं छायाचित्रें घ्यावीं. दहा पानें झालीं म्हणजे पुढचीं शंभर कठीण वाटणार नाहींत.