आहार आणि भेषज : रानभाज्यांचा एक पाठ

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की कांजूरमार्ग, भांडुप या स्थानकांबाहेर कसारा-कर्जतकडच्या आदिवासी भगिनी पाट्या घेऊन बसू लागतात. आरंभी शेवळे व टाकळा, मागाहून भारंगी, फोडशी, कुर्डू आणि कंटोली. कामावर निघालेली बहुसंख्य मंडळी तिकडे न पाहता पूल चढून जातात. जी दोन-चार माणसे थांबतात, ती बहुधा साठीपुढची असतात. त्यांच्यानंतर त्या पाटीपाशी कोण थांबणार, या प्रश्नातून हा लेख लिहीत आहे.

शेवळ्याचेच उदाहरण घेऊ. हा सुरणाच्या जातीतील रानकंदाचा कोंब. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. नीट न शिजवलेली भाजी खाल्ली तर घसा असह्य खाजतो. म्हणून वरची पाती सोलून आतील पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात, कोंब बारीक चिरून परततात आणि काकडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंचेचा कोळ घालून शिजवतात. विकणारी बाई शेवळ्यांसोबत काकडेही ठेवते, ती उगाच नव्हे. अळूत चिंच व आमसूल घालण्याचे कारणही हेच. वनस्पती ओळखणे, तिचा कोणता भाग खावा आणि कशाबरोबर खावा हे जाणणे, ही तिन्ही अंगे मिळून ज्ञान पूर्ण होते. त्यांतील एक जरी गळाले तरी अपाय संभवतो.

अन्न आणि औषध यांत भिंत नसल्याचा विचार आपल्या परंपरेत जुना आहे. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. श्रावस्ती येथे शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, अन्न पोटात ठरेना, शरीरे कृश व फिकट झाली. तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध व गुळाची काकवी या पाच गोष्टींची अनुज्ञा दिली; कारण त्या औषधही होत्या आणि शरीराला आधारही देत होत्या. पुढे त्याच प्रकरणात हळद, आले, वेखंड ही मुळे, कडुनिंबाची पाने, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा ही फळे येतात. इतकेच काय, समुद्राचे मीठसुद्धा औषधांच्या यादीत आहे. कारशेडच्या वादामुळे कांजूरमार्गच्या मिठागरांचे नाव अलीकडे घरोघरी पोहोचले. त्या मिठाचा हा जुना मान मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो. अर्थात औषध म्हटले की मात्रा आली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते. चिवडा, वेफर, लोणचे, पापड यांतून ती मर्यादा नकळत ओलांडली जाते.

जीवकाची कथा आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तक्षशिलेत आचार्यांनी त्यास योजनभर परिसरात हिंडून औषधी नसलेली वनस्पती आणावयास सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. मला त्या कथेत उत्तरापेक्षा त्याचे हिंडणे महत्त्वाचे वाटते. तो प्रत्येक झाडापाशी थांबला होता.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हे ज्ञान ग्रंथांतून नव्हे, उपासमारीतून आले. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी यांच्या जोडीला तरोटा, घोळ, कुंजर असा रानपाला शिजवून आमच्या आज्यांनी मुले जगवली. तोच तरोटा म्हणजे इकडचा टाकळा. पुढे मुंबईत बस्तान बसल्यावर ही भाजी दारिद्र्याची खूण वाटू लागली आणि ताटातून गेली. पाहुण्यांसमोर तिचे नाव काढू नये असे वाटण्याइतकी लाज होती. आज तीच भाजी रानभाजी महोत्सवांत मानाने मांडली जाते, याचे मला हसू येते आणि वाईटही वाटते.

वसतिगृहातील व घरातील मुलांसाठी फार खर्चाचे काही करावे लागत नाही. शेवग्याचा पाला वरणात किंवा थालीपिठात घालावा. त्यात लोह व कॅल्शियम दोन्ही आहेत. पालेभाजीवर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, तो हेच लोह अडवतो. वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतीत ही एक सवय मोडणे अनेक चूर्णांहून उपयुक्त ठरेल. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सकाळची आंबील बिस्किटांच्या पुड्याहून स्वस्त पडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. कावीळ, क्षयरोग, मधुमेह यांवर पाल्याचा रस पिऊन बसू नये. वैद्यकीय तपासणी आधी करावी. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी अळू, पालक जपून खावे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने कारल्याचा रस सुरू करताना डॉक्टरांना सांगावे, अन्यथा साखर एकदम उतरू शकते. रेल्वे रुळांलगत किंवा नाल्याकाठी उगवलेला टाकळा कितीही कोवळा दिसला तरी खुडू नये.

ज्यांच्या अंगणात वा इमारतीच्या आवारात हातभर माती आहे, त्यांनी मनगटाएवढी जाड, तीन फुटांची शेवग्याची फांदी पहिल्या पावसात लावावी. पाणी साचू देऊ नये. शेंडा वेळोवेळी खुडला की झाड हाताच्या उंचीत राहते आणि पाला मुलांनाही तोडता येतो.