तीनचाकी सायकलीची सुधारणा : फावल्या वेळचा एक उपयुक्त छंद

शेतात पिकलेला माल सुस्थितीत बाजारात पोहोचविणे हे तो पिकविण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. मोठ्या बागाईतदाराजवळ ट्रॅक्टर अथवा टेम्पो असतो. परंतु ज्याचे माळवे दहा-वीस गुंठ्यांचे आहे आणि ज्याला दररोज दोन-तीन पाट्या भाजी किंवा एखादा कॅन दूध गावात न्यावयाचे असते, त्याला भाड्याचे वाहन परवडत नाही आणि दुचाकी सायकलीवर एवढे ओझे तोलता येत नाही. अशा शेतकऱ्यास तीनचाकी सायकल फार उपयोगी पडते. वयोमानामुळे अथवा पायातील अधूपणामुळे ज्यांना दुचाकीवर तोल सांभाळणे कठीण जाते, त्यांनाही ती पुन्हा स्वतःच्या बळावर मळ्यापर्यंत जाण्याची सोय करून देते.

जुनी तीनचाकी विकत घेऊन आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार करणे हा हौशी मनुष्यास आवडणारा छंद आहे. उन्हाळ्यात शेतीची कामे आटोपल्यावर गावातील लोहाराच्या किंवा सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या मदतीने तो सहज साधतो. मात्र या कामात पुष्कळदा क्रम चुकतो. प्रथम रंग दिला जातो, मग मोठी पेटी बसते, मग छत येते आणि ब्रेकचा विचार सर्वांत शेवटी होतो किंवा होतच नाही. तीनचाकी उभी असताना पडत नाही, म्हणून ती चालतानाही पडणार नाही, असा समज यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. तो कसा चुकीचा आहे आणि सुधारणेचा योग्य क्रम कोणता, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. तीनचाकी का उलटते?

दुचाकी सायकल वळताना स्वार आपल्या नकळत गाडी आतल्या बाजूस कलवितो आणि तोल राखतो. तीनचाकी अशी कलत नाही. वळणावर माल, स्वार व गाडी या सर्वांचा जोर बाहेरच्या बाजूस पडतो आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की आतल्या बाजूचे मागील चाक जमिनीवरून उचलले जाते.

ही मर्यादा दोन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट म्हणजे एकूण वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तो मध्य गाडीच्या कडेपासून किती आत आहे. तिन्ही चाके जमिनीवर जेथे टेकतात ते बिंदू रेषांनी जोडले असता एक त्रिकोण होतो. वजनाचा मध्य या त्रिकोणाच्या बाजूकडील रेषेपासून जितका आत आणि जमिनीला जितका जवळ, तितकी गाडी स्थिर.

एक उदाहरण घेऊ. पुढे एक व मागे दोन चाके असलेल्या गाडीच्या पुढील व मागील चाकांत १२० सेंटिमीटर अंतर आहे आणि दोन मागील चाकांत ७५ सेंटिमीटर अंतर आहे. वजनाचा मध्य पुढील चाकापासून ८० सेंटिमीटर मागे आहे. स्वाराचे वजन ६० किलो, गाडीचे ३० किलो व मालाचे ५० किलो, असे एकूण १४० किलो धरू. पाट्या उंच रचल्यामुळे मालाचा मध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर असेल, तर एकूण वजनाचा मध्य सुमारे ९२ सेंटिमीटर उंचीवर येतो. अशी गाडी ३ मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे बाजाराच्या फाटकातून आत वळताना असते तशा वळणावर, ताशी १० किलोमीटर वेगालाच चाक उचलू लागते. हा सायकलीचा अगदी नेहमीचा वेग आहे.

आता तोच माल ५० सेंटिमीटर उंचीवर ठेवला आणि मागील चाकांतील अंतर ९० सेंटिमीटर केले, तर एकूण वजनाचा मध्य सुमारे ७० सेंटिमीटरवर उतरतो आणि तीच मर्यादा ताशी १२ ते १३ किलोमीटरवर जाते. म्हणजे लाभ झाला, परंतु तो सुमारे एकचतुर्थांश एवढाच झाला. याउलट, वळणावरील वेग निम्मा केला की बाहेर ढकलणारा जोर एकचतुर्थांशच उरतो. यावरून मुख्य धडा असा निघतो की, पेटी खाली घेणे आवश्यक आहेच. पण वळणापूर्वी वेग खात्रीने कमी करता येणे हे त्याहूनही आवश्यक आहे. म्हणून सुधारणेचा क्रम असा ठेवावा : आधी ब्रेक, नंतर पेटी व चाके, त्यानंतर दाते आणि शेवटी रंग.

२. ब्रेक

पूर्वापार पद्धतीच्या सायकल रिक्षास केवळ पुढील चाकालाच ब्रेक असतो. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सायकल रिक्षाच्या सुधारणेवर काम केले आहे. तेथील डॉ. अनिल राजवंशी यांनी २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्याविषयी लेख लिहिला. एकच गिअर आणि केवळ पुढचा ब्रेक हे जुन्या रिक्षाचे दोष त्यांनी दाखवून दिले आणि संस्थेने तयार केलेल्या सुधारित रिक्षात मागील चाकांनाही ब्रेक बसविला. माल वाहणाऱ्या तीनचाकीलाही हेच दोष असतात.

मालाचे वजन मुख्यतः मागे असते, त्यामुळे पुढील चाकाची जमिनीवरील पकड कमी राहते. उतारावर केवळ पुढचा ब्रेक दाबल्यास चाक घसरते आणि हँडल निरुपयोगी होते. याकरिता दोन्ही मागील चाकांच्या तुंब्यात ड्रम ब्रेक बसवावेत आणि त्यांच्या तारा एकाच मुठीने सारख्या ओढल्या जातील अशी व्यवस्था करावी. एकाच मागील चाकाला ब्रेक असल्यास गाडी त्या बाजूस ओढली जाते. रिमवर दाबणारे रबरी ब्रेक लोखंडी रिम पावसात भिजली की नीट पकडत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

ब्रेक तोच असता थांबण्याचे अंतर वजनाच्या प्रमाणात वाढते. रिकामी गाडी स्वारासह ९० किलो असेल आणि माल घातल्यावर १४० किलो होत असेल, तर पूर्वी ५ मीटरांत थांबणारी गाडी आता जवळजवळ ८ मीटरांत थांबेल. वेग दुप्पट झाल्यास हे अंतर चौपट होते. तीनचाकी उतारावर उभी केल्यास आपोआप चालू लागते. म्हणून ब्रेकची मूठ दाबून अडकविण्यासाठी एक कडी अवश्य करावी.

३. मालाची पेटी

पेटी मागील आसाच्या जितकी जवळ व खाली बसविता येईल तितकी बसवावी. मात्र ती आसाच्या मागे लोंबती ठेवू नये. बैलगाडी उलाळ झाली म्हणजे काय होते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तीनचाकीतही माल आसाच्या मागे गेला की पुढचे चाक हलके होते आणि चढावर ते उचलले जाण्याची भीती असते. मालाचा मध्य आसाच्या १० ते १५ सेंटिमीटर पुढे यावा.

पेटीच्या बाजू फार उंच करू नयेत. बाजू उंच केल्या की माल उंच रचला जातोच. दुधाचा कॅन पट्ट्याने आवळून बांधावा. अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध वळणावर एका बाजूस हिंदकळते व गाडीस अधिक कलवते. यास्तव दोन अर्धे कॅन नेण्याऐवजी एक भरलेला न्यावा.

४. आस व चाके

वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. मागील चाकांत ९० सेंटिमीटर अंतर असता काटकोनी वळणावर हा फरक सुमारे १४१ सेंटिमीटर होतो. दोन्ही चाके एकाच आसावर पक्की केल्यास एक चाक फरफटते, टायर झिजते आणि गाडी वळण्यास कुरकुरते. ही अडचण फार जुनी आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ले यांनी १८७७ साली तीनचाकी सायकलीसाठीच दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी रचना योजली. मोटारगाडीतील डिफरन्शियल ते हेच. आपल्या कामासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. एक चाक आसावर पक्के करावे आणि दुसरे छऱ्यांवर मोकळे फिरू द्यावे. अशी गाडी जोर लावताना किंचित एका बाजूस ओढते, परंतु त्याची सवय लवकर होते.

तीनचाकीच्या चाकांवर वळणावर आडवा ताण येतो. असा ताण दुचाकीच्या चाकांवर फारसा येत नाही. आपल्याकडील जुन्या घडणीच्या सायकलीच्या पुढील चाकाला ३२ व मागील चाकाला ४० स्पोक असतात. तीनचाकीच्या मागील दोन्ही चाकांस ४० स्पोकची रिम वापरावी आणि पहिल्या आठवड्यानंतर कारागिराकडून चाकांची आउट काढून घ्यावी.

५. चढ व दाते

निरोगी मनुष्य दीर्घकाळ सुमारे ७५ वॅट एवढी शक्ती देऊ शकतो. सपाट डांबरी रस्त्यावर १४० किलोची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने नेण्यास ही शक्ती पुरेशी आहे. परंतु २५ मीटरांत १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर त्याच शक्तीने गाडी केवळ ताशी ४ किलोमीटर, म्हणजे पायी चालण्याच्या वेगाने जाते.

पुढील चक्रास ४८ व मागील फ्रीव्हीलला १८ दाते असतील आणि चाक २८ इंची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात गाडी जवळजवळ ६ मीटर पुढे जाते. एवढ्या ओझ्यास हे फार जड पडते व गुडघे दुखू लागतात. पुढे ३६ व मागे २२ दात्यांची जोडी बसविल्यास एका फेऱ्यात गाडी सुमारे साडेतीन मीटर जाते व पाय हलके चालतात. वेग कमी होतो हा तोटा नव्हे. ओझ्याच्या गाडीस तो गुणच आहे. दाते बदलल्यावर साखळीची लांबी नव्याने जुळवून घ्यावी. तीव्र चढावर मात्र उतरून गाडी ढकलणेच शहाणपणाचे होय. विजेवर चालणारी मोटर बसविण्याची हौस असल्यास मागील ब्रेक पक्के झाल्याशिवाय ती बसवू नये आणि परिवहन कार्यालयात नियमांची चौकशी आधी करावी.

६. जोडकामातील दक्षता

सायकलीच्या फ्रेमचा पाइप पातळ असतो. त्यास भोके पाडल्यास तो तेथूनच तुटतो. शक्य तेथे पट्टी व नट-बोल्टने आवळून जोड करावा, म्हणजे चूक झाल्यास ती सुधारता येते. पुढील चिमट्याला कधीही भोक पाडू नये किंवा तो तापवून वाकवू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाचे वेल्डिंग करताना निघणारा धूर अपायकारक असतो. म्हणून जोडाच्या जागेवरील मुलामा आधी घासून काढावा आणि काम उघड्या हवेत करावे.

७. दोन विटांची कसोटी

गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी पुढील कसोटी घ्यावी. सपाट जमिनीवर गाडीत नेहमीएवढा माल भरावा व स्वाराने सीटवर बसावे. दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी दोन्ही बाजूंस उभे राहून गाडी धरावी. नंतर एका मागील चाकाखाली एकावर एक दोन विटा, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर उंची, सरकवावी. विटांच्या बाजूने हलक्या हाताने ढकलताच चाक विटांवरून उचलले जात असेल, तर माल उंच आहे किंवा चाकांतील अंतर कमी आहे असे समजावे व पेटी खाली घ्यावी. गाडी घट्ट बसून राहिल्यास हीच कसोटी दुसऱ्या बाजूनेही घ्यावी.

८. चालविण्याचा सराव

ज्यांना दुचाकीची सवय आहे, त्यांना आरंभी तीनचाकी अवघड जाते, कारण ते अंग कलवून वळू पाहतात. तीनचाकी मात्र हँडल फिरविल्यानेच वळते. रिकाम्या मैदानात रिकाम्या गाडीने, नंतर अर्ध्या मालाने आणि शेवटी पूर्ण मालाने सराव करावा. वळणापूर्वी, वळणावर नव्हे, ब्रेक लावून पायी चालण्याइतका वेग करावा व वळताना अंग आतल्या बाजूस झुकवावे. रस्त्याच्या कडेचा भाग उतरता असतो. तेथे गाडी बाहेर ओढते, म्हणून हँडल दोन्ही हातांनी धरावे. मागे लाल व पुढे पांढरा परावर्तक आणि अंधारात दिवा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ केवळ वाचून दाखवू नये. गावात एखादी तीनचाकी असल्यास तिच्या मालकाच्या संमतीने चावडीपुढे दोन विटांची कसोटी करून दाखवावी. प्रथम पाट्या उंच रचून आणि नंतर त्याच पाट्या खाली ठेवून. माणसांनी गाडी धरलेली असावी व मुलांस दूर ठेवावे. उंच रचलेली गाडी किती सहज कलते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी पुढे कोणाच्या सांगण्याची वाट पाहत नाही. त्यानंतर उपस्थितांस विचारावे की, आपल्या गाडीला मागचा ब्रेक आहे काय? बहुतेकांचे उत्तर 'नाही' असे येईल. तेथूनच कामास आरंभ करावा.

आपल्या हातांनी सुधारलेल्या गाडीवरून माल बाजारात नेण्यात वेगळे समाधान असते. परंतु माल पोहोचविणारा मनुष्य संध्याकाळी सुखरूप घरी परतला, तरच ती सुधारणा खरी. म्हणून रंगाचा डबा शेवटी उघडावा आणि ब्रेकची तार आधी ओढून पाहावी.